बगलेतली गाठ

कुलूप लावून झालं की ही कुलपालाच विचारते, "लागलास ना रे नीट?", असं तिचा नवरा चारचौघांत सांगायचा आणि लोक खदखदून हसायचे. तीही हसायची. पण हसता हसता तिचा हात पर्समधल्या किल्लीकडे जायचा, हे नवऱ्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नसे.

मुळात ती भित्री नव्हती. कॉलेजात असताना परगावी भाड्याच्या खोलीत एकटी राहिली होती. खोलीत साप निघाला तेव्हा घरमालकाला धीर तिनेच दिला होता. पाच महिन्यांपूर्वी ठकी झाली आणि सगळं बिनसलं. ठकीचं कागदोपत्री नाव चांगलं चार अक्षरी होतं, पण ते दवाखान्याच्या फाइलीबाहेर कधी पडलंच नाही. आता पोर झोपली की श्वास चालू आहे ना म्हणून ही नाकापुढे बोट धरायची, आणि जागी राहिली की झोपत का नाही म्हणून जिवाला घोर. गॅसचा कॉक दोनदा, दाराची कडी तीनदा.

"पोर राहिली बाजूला," सासूबाई म्हणायच्या, "तुलाच झोळीत घालून झोके द्यायला हवेत."

कामात मात्र हीच खोड उपयोगी पडायची. तिचं काम होतं कपडे बघायचं. संग्रहालयात जुन्या चित्रांच्या विभागात मुघल काळातल्या एका अल्बमची सुटी झालेली पानं होती. एकेक पान म्हणजे मधे वीतभर चित्र आणि त्याच्या चहूबाजूंनी सोनेरी फुलापानांचा रुंद हाशिया. चित्रात बहुतेक एखादा सरदार उभा. त्याच्या अंगावर काय काय आहे ते हिने बघायचं आणि लिहायचं. जाम्याचं कापड इतकं झिरझिरीत आहे का, की खालच्या तंग पायजम्याचा रंग दिसावा? कमरेच्या पटक्याच्या टोकाला वेल आहे की नुसते पट्टे? पगडीवर मोत्यांचे सर किती, कलगीला पीस आहे का? चित्रकाराने एकेक मोती पांढऱ्या रंगाच्या फुगीर ठिपक्याने काढलेला. ते ठिपके ती भिंगाखाली मोजायची, परत मोजायची, आणि आकडा जुळला तरी तिसऱ्यांदा मोजायची. विभागात तिला सगळे 'शिंपीण' म्हणत. तिलाही ते आवडे. शिंप्याची नजर म्हणजे काय थट्टा आहे?

नव्याने येणाऱ्यांना ती एक गोष्ट हमखास दाखवायची. जामा अंगाभोवती एकावर एक घेऊन बगलेत बंदांनी बांधायचा. त्या दरबारात हिंदू सरदार साधारणपणे डाव्या बगलेत बांधत आणि मुसलमान उजव्या. "चेहरा फसवतो," ती म्हणायची, "खाली लिहिलेलं नाव तर कोणीही लिहितो. पण बगलेतली गाठ खरं बोलते."

बारा नंबरच्या पानावरची गाठही खरंच बोलली होती. निदान दोन महिने तरी ती तसं समजून चालली होती.

बाळंतपणाची रजा चालू होती, पण घरबसल्या टिपणं लिहायचं काम तिने स्वतःहून मागून घेतलं होतं. नुसतं दूध पाजत बसलं की डोकं भलतीकडे धावतं. संग्रहालयाने तिला कुठल्याशा खोक्यातल्या जुन्या, पारदर्शक फिल्मच्या स्लाइडांवरून काढलेले फोटो पाठवले. बारा नंबरच्या फोटोत नुसतं मधलं चित्र होतं. हाशियाच्या खालच्या भागाचा तेवढा फोटो वेगळा, अलीकडे काढलेला. चित्रात हिरव्यागार जमिनीवर उभा एक सरदार, हातात गुलाबाचं फूल. हाशियात खाली बारीक अक्षरांत एका हिंदू राजाचं नाव. आणि जाम्याची गाठ? उजव्या बगलेत. म्हणजे नाव एकाचं आणि माणूस दुसराच. कोणीतरी मागाहून या हाशियात भलतंच चित्र डकवलं होतं!

तिने तेव्हा पोरीच्या अंगावरून हात फिरवत फिरवतच टिपण लिहून काढलं. तलवार, जी उजव्या हाताने उपसता यावी म्हणून डाव्या कमरेला असते, ती याच्या उजव्या कमरेला होती. फूल डाव्या हातात. तेव्हा तिने लिहिलं, 'हा सरदार डावखुरा असावा.' आणि त्या डावखुरेपणावर अख्खा परिच्छेद ठोकून दिला. तिचा नवराही डावखुरा. लिहिताना तिला त्या सरदाराबद्दल उगाचच माया वाटली होती.

मोठ्या बाई, म्हणजे विभागप्रमुख, टिपण वाचून खूश झाल्या. हे चित्र या हाशियातलं नाहीच तर सोडवून घेऊ, मागे काही लिहिलेलं असेल तर तेही कळेल, प्रदर्शनात दोन्ही वेगवेगळी मांडू, असं ठरलं. कागदावर सही झाली. चित्र सोडवायचं काम खळकाकांकडे गेलं. जुने कागद जोडणं आणि सोडवणं हा खळकाकांचा चाळीस वर्षांचा धंदा, आणि अंगाला कायम खळीचा वास, म्हणून ते नाव. दिवस ठरला गुरुवार. सकाळी नऊला पानाला ओल द्यायची, अकराला चित्र उचलायचं.

त्या गुरुवारी सकाळी सव्वादहाला सासूबाई ठकीला आंघोळ घालून कपाटाच्या आरशासमोर घेऊन उभ्या होत्या. जुन्या मऊ सुती कापडाची झबली त्या स्वतः शिवायच्या, समोरून एकावर एक येणारी आणि काखेत दोन बंदांनी बांधायची. ठकीने त्यांच्या हातातला कंगवा हिसकावून घेतला होता आणि आरशातल्या ठकीला तो ती दाखवत होती.

ही मागे पलंगावर दुपटी घडी करत बसली होती. सहज आरशाकडे बघून म्हणाली, "आई, आज गाठ उजवीकडे का बांधलीत?"

"उजवीकडे कुठे?"

"ही काय, उजव्या काखेत. आणि कंगवा बघा कसा डाव्या हातात धरलाय. गेली बापावर."

"अगं, आरशात बघून काय बोलतेस? पोरीकडे बघ की," सासूबाई वळल्या. "गाठ डावीकडेच आहे. मी जन्मात कधी उजवीकडे बांधली नाही. पोर डाव्या हातावर घेतो ना आपण, मग तिची उजवी कूस आपल्या पोटाशी येते. तिकडे गाठ असली तर पोरीच्या बरगडीत रुतते. आणि कंगवाही उजव्याच हातात आहे. म्हणे बापावर गेली!"

हिच्या हातातलं दुपटं तसंच राहिलं.

आरशात ठकी होती. गाठ उजवीकडे, डावखुरी. आरशाबाहेर ठकी होती. गाठ डावीकडे, उजवा हात.

पलंगावरून ती उठली ती थेट कंप्युटरपाशी. बारा नंबरचा फोटो उघडला आणि एक कळ दाबून तो आडवा उलटवला. सरदार गर्रकन वळला. तलवार डाव्या कमरेला गेली, फूल उजव्या हातात आलं, गाठ डाव्या बगलेत बसली. आतापर्यंत तो कसा थोडा अवघडून उभा वाटायचा, तो आता पाय रोवून निवांत उभा होता. डावखुरा-बिवखुरा कोणी नव्हता. कोणीतरी कधीतरी स्लाइड उलटी घातली होती, आणि हिने, मोती तीन-तीनदा मोजणाऱ्या हिने, त्या उलट्या माणसाच्या उलटेपणाची कारणं शोधून सुवाच्य अक्षरात लिहून दिली होती.

घड्याळात दहा वाजून बावीस मिनिटं. खळकाका अकराला चित्र उचलायला त्याखाली पट्टी घालणार.

तिने खळकाकांना फोन लावला. त्यांच्या खोलीत फोन न्यायची बंदी होती. सगळ्यांचे फोन दाराबाहेरच्या खोक्यात. तो वाजत राहिला. मोठ्या बाईंचा बंद. मग दरवाजावरच्या चौकशीला लावला.

"काका, मी बोलतेय. खळकाकांना जाऊन सांगा, बारा नंबरला हात लावू नका म्हणावं. आत्ता, लगेच!"

"कोण, शिंपीणबाई का?" पलीकडचा माणूस हसला. "आज काय राहिलं? सोमवारी खिडकी लागली का ते बघायला लावलंत. त्याच्या आदल्या आठवड्यात दिवा."

"काका, आज तसं नाहीये."

"दर वेळी नसतंच. आणि दाराला लाल दिवा लागलाय त्यांच्या. काम चालू असताना आत गेलो तर माझीच कातडी सोलतील. मोठ्या बाई बैठकीतून आल्या की सांगतो, बस?"

"बैठक कधी संपते?"

"एकला."

तिने फोन ठेवला आणि नवऱ्याला लावला. तो कामावर होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "हे बघ, आधी पाणी पी. ते एवढे मोठे लोक आहेत, बघितल्याशिवाय थोडंच करतील?"

"कोणीच बघितलेलं नाहीये! सगळे माझ्याच टिपणावर चाललेत."

"तुला काल पण वाटलं होतं की ठकीच्या अंगावर पुरळ आलंय. दुपट्याचा रंग लागला होता."

तिला रडू येईना आणि रागावताही येईना. लांडगा आला रे आला म्हणून रोज ओरडणाऱ्याकडे त्या दिवशी कोण धावणार? बरं, त्या गोष्टीतला पोरगा निदान मजा म्हणून ओरडत होता. हिने तर दर वेळी खरंच लांडगा बघितला होता.

"जायला हवं," ती म्हणाली. "आई, मी जाऊन येते. पण ठकी..." ठकी बाटलीला तोंड लावत नसे, आणि तिची दूध प्यायची वेळ साडेअकराची.

सासूबाईंनी तिच्या तोंडाकडे एकदा नीट बघितलं. "किती मोठी चूक आहे?"

"चारशे वर्षांचं चित्र आहे. ते उचकटतायत. माझ्यामुळे."

"मग उभी काय राहिलीस? चल, मी पण येते. झबल्यावर निघाली तर निघाली, तिला काय तिकडे बघायला येणारेत?"

टॅक्सीत सासूबाई मागे पोरीला घेऊन बसल्या आणि ही पुढे, जणू पुढे बसल्याने लवकर पोचणार होती. प्रत्येक सिग्नलला ती घड्याळ बघायची आणि मग ड्रायव्हरकडे. शेवटी तो म्हणाला, "ताई, तुम्ही बघितलंत म्हणून लाल दिवा हिरवा होत नाही."

"हिला सांगून काही उपयोग नाही," सासूबाई मागून म्हणाल्या. "ही दूध तापताना पण त्याच्याकडे डोळे वटारून बसते."

"मग उतू जात नाही ना?"

"जातं की! ही त्याच वेळी गॅस बघायला खाली वाकलेली असते."

ती हसली नाही. मांडीवरच्या पर्सच्या बंदाची ती गाठ मारत होती आणि सोडत होती. आज पहिल्यांदा तिला कळत होतं की नुसतं राहून-राहून वाटणं वेगळं आणि माहीत असणं वेगळं. वाटण्यात एक आशा असते, की तपासलं तर खोटं निघेल. माहीत असण्यात तसली काही सोय नव्हती.

त्या पोचल्या तेव्हा अकरा वाजून सात मिनिटं झाली होती. दरवाजावरचा माणूस ठकीला बघून "अरे, आली का छोटी शिंपीण!" म्हणत उठला, तोवर ही जिन्यावर होती. मागून सासूबाई गुडघ्यावर हात ठेवत ठेवत, ठकी खांद्यावर.

लाल दिव्याखालचं दार तिने ढकललं.

खोली नेहमीसारखीच होती. उत्तरेकडच्या खिडक्यांतून येणारा पांढरा, सावली नसलेला उजेड. लांब टेबल. त्यावर काच, काचेवर पान. पानाच्या कडेने ओलसर टिपकागदाच्या पट्ट्या. खळकाका स्टुलावर वाकून बसले होते, हातात हाडाची चपटी पट्टी. चित्राचा खालचा उजवा कोपरा उचलला गेला होता. फार नाही, नखभर.

"काका, थांबा!"

त्यांनी मान वर केली नाही. पट्टी मात्र जिथल्या तिथे थांबली. "दार लावून घ्या. वारा नको."

तिने दार लावलं, पण सासूबाई पोचल्याच होत्या, त्यांना आत घेऊन परत लावलं. लागलं का ते बघितलं नाही.

"फोटो उलटा होता, काका. स्लाइड उलटी घातलेली. मी उलट्या माणसावर टिपण लिहिलं. हे चित्र इथलंच आहे."

खळकाकांनी आता चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "कागदावर मोठ्या बाईंची सही आहे."

"त्या बैठकीत आहेत. एकला सुटतील."

"एकपर्यंत काय मी हा कोपरा असाच धरून बसू? दोन तासांची ओल चढलीय. आता दोनच रस्ते. एक तर पट्टी पुढे सारायची, नाहीतर आत्ताच्या आत्ता दाबून बसवायचा. मधे उभं राहिलं तर ओलीची कड उमटेल, ती जन्मात जायची नाही." त्यांनी खिडकीकडे आणि मग परत पानाकडे बघितलं. "चार-पाच मिनिटं आहेत. सही नसताना थांबायचं म्हणजे उद्या माझी मान जाणार, तेव्हा एकदाच विचारतो. नक्की?"

एकदाच. आयुष्यात तिला कोणी कोणतीच गोष्ट एकदाच विचारली नव्हती. विचारली असती तरी तिने एकदाच उत्तर दिलं नसतं. यादी बघू या, ती म्हणाली असती, दुसऱ्या पानाशी ताडून बघू या. फोटो परत एकदा उलटवून बघते. मोठ्या बाईंना विचारते.

ती टेबलापाशी गेली आणि वाकली.

बारा नंबरचं खरं पान ती पहिल्यांदाच बघत होती. फोटोत हिरवी म्हणून दिसलेली जमीन खरी तर हिरव्यात पिवळी झाक असलेली होती, आणि सरदाराच्या पायाशी तिळाएवढी फुलं होती, जी फोटोत आलीच नव्हती. जामा इतका तलम की त्यातून जांभळा पायजमा धुक्यातून दिसावा तसा दिसत होता. डाव्या बगलेतून तीन बंद लोंबत होते, आणि त्यांच्या टोकांना शेंदरी गोंडे. फोटोत तिने ते गोंडे पटक्याचा काठ समजून सोडून दिले होते.

मागून सासूबाईंनी मान पुढे काढली. त्यांना मुघल कोण आणि राजे कोण याच्याशी काही घेणं नव्हतं. त्यांनी झबल्याकडे बघावं तसं बघितलं.

"डावीकडेच बांधलंय की," त्या म्हणाल्या. "उजवा पदर वरून आलाय आणि डावीकडे नेऊन बांधलाय. शिवणाराने बरोबर शिवलंय. बंद जरा लांब सोडलेत, पण ती हौस असते एकेकाची."

ठकीने त्या सोनेरी गोष्टीकडे दोन्ही हात पसरले. सासूबाई चटकन दोन पावलं मागे सरल्या.

"नक्की," ती म्हणाली.

खळकाकांनी पुन्हा विचारलं नाही. पट्टी त्यांनी इतक्या हळू मागे घेतली की ती हललेली दिसलीच नाही. कुंचल्याचं टोक खळीत बुडवून कोपऱ्याखाली फिरवलं, कोपरा खाली बसवला, वर कोरा टिपकागद, त्यावर काच, काचेवर शिशाचं वजन. मग ते ताठ बसले.

"तुम्हाला एक सांगू?" ते म्हणाले. "चित्र आणि हाशियाच्या सांध्यावरून ही सोनेरी रेघ गेलीय बघा. चारी बाजूंनी अखंड होती. मागाहून कोणी चित्र डकवलं असतं, तर रेघ कुठेतरी तुटली असती, नाहीतर दोनदा मारलेली दिसली असती. मला सकाळीच वाटलं होतं, हे एकाच हातचं काम आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"टिपण तुमचं होतं ना! शिंपीणबाई दहा वेळा बघितल्याशिवाय लिहीत नाहीत, हे इथे शेंबडं पोरही सांगेल. मी म्हटलं, आपली नजर चुकत असेल."

ती शेजारच्या स्टुलावर बसली. खाली दरवाजावर तिच्या तपासण्यामुळे कोणी तिचं ऐकलं नाही आणि इथे वर तिच्या तपासण्यामुळे सगळ्यांनी तिचं ऐकलं. हसावं की डोकं आपटावं?

"आणखी एक आहे," खळकाका म्हणाले आणि हाडाची पट्टी उजेडात धरली. तिच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढं सोनं चिकटलं होतं. "अखंड होती म्हटलं ना. आता नाही."

"परत लावता येईल?"

"नाही. एवढी बारीक कणी उचलायला गेलो की भुगा होतो. पुडीत घालून, वर नंबर टाकून ठेवायची." त्यांनी ती कुंचल्याने कागदाच्या चौकोनात उतरवली, पुडी बांधली आणि तिच्याकडे सरकवली. "नंबर तुम्हीच घाला."

तिने पेन्सिलीने बारा लिहिलं. खाली तारीख. मग खळकाकांकडून एक कागद मागून घेतला आणि तिथेच बसून दुरुस्तीचं टिपण लिहायला घेतलं. पहिलं वाक्य लिहिलं, 'वापरलेले छायाचित्र उलटे होते.' ते वाचून बघितलं. वाक्यात कोणीच नव्हतं, जणू छायाचित्र आपलं आपणच उलटलं होतं. तिने ते खोडलं आणि लिहिलं, 'छायाचित्र उलटे आहे हे माझ्या लक्षात आले नाही. तलवार व फूल चुकीच्या बाजूस दिसत असूनही मी मूळ पान मागवले नाही. माझ्या टिपणामुळे चित्राचा खालचा उजवा कोपरा उचलला गेला आणि सोनेरी रेघेचा कण निघाला.' शेवटी डावखुरेपणाचा परिच्छेद रद्द समजावा असंही लिहिलं. त्या माणसाला तिने दोन महिने ओळखलं होतं, आणि तो नव्हताच.

ठकीने भूक लागल्याचा आवाज काढला. कोपऱ्यातल्या खुर्चीत, कागदांच्या गठ्ठ्यांकडे पाठ करून, तिने पोरीला पदराखाली घेतलं.

मोठ्या बाई सव्वाला आल्या. खाली दरवाजावर त्यांना काहीबाही कळलं होतं, त्या तावातावानेच जिना चढल्या. त्यांनी दुरुस्तीचं टिपण उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं. पुडी उघडली नाही, नुसती हातात धरून वजन बघावं तशी बघितली.

"हे प्रदर्शनाच्या फाइलीत जाईल," त्या म्हणाल्या. "तुझ्या नावासकट. मलाही माझ्या सहीचं उत्तर द्यावं लागेल."

"हो."

"त्या खोक्यातल्या आणखी किती स्लाइडांवर लिहिलंयस तू?"

हा प्रश्न टॅक्सीत पुढच्या सीटवर तिच्या शेजारीच बसला होता. "सात," ती म्हणाली.

"उद्यापासून सातही मूळ पानं काढून बघ. पोरीला घेऊन ये हवं तर." बाई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "दरवाजावर मी सांगितलंय. तुझा फोन आला की आधी जायचं, मग हसायचं."

त्या गेल्यावर ती परत टेबलापाशी आली. काचेखाली टिपकागद, टिपकागदाखाली कोपरा. दिसत काहीच नव्हतं.

"धरलं असेल का, काका?"

"उद्या दहाला बघू."

"जरासं काच वर करून..."

"शिंपीणबाई," खळकाकांनी हात वजनावर ठेवला. "ओली खळ आहे. बघायला उचललंत की सुटली. जितक्यांदा बघाल तितक्यांदा सुटेल. हिला फक्त एक लागतं. तिच्याकडे कोणी बघायचं नाही."

"आणि उद्या निघालं तर?"

"तर उद्या परत लावीन. आज नाही."

परतताना बस मिळाली, रिकामी होती. ठकी सासूबाईंच्या मांडीवर पेंगत होती. तिच्या झबल्याचा बंद सुटून लोंबत होता. हिने हात पुढे करून तो बांधला, डाव्या काखेत, बाहेरच्या अंगाला. बांधून झाल्यावर फार आवळला तर गेला नाही ना, हे बोट आत घालून बघायला निघाली.

"राहू दे," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "गाठ बसलीय नीट."

तिने हात मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरून मांडीवर ठेवला. उद्याचे दहा वाजायला अजून वीस तास होते. पुढच्या थांब्याला दार उघडलं, बंद झालं. नीट बंद झालं का, ते वळून बघायला तिची मान आपोआप निघाली आणि अर्ध्यावर थांबली.